कडुनिंबाचं पाणी

एकोणीसशे अठ्ठावन्न साल. मी बावीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीपर्यंत, त्यातही पहिलीत दोनदा बसलेलो. राळेगावच्या अंगाला वर्धा नदीच्या काठावर आमचं घर, आणि घाटावर नाव चालवणं हा आमचा भोयांचा धंदा. बापाचा, आज्याचा, त्याच्याही बापाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला राग येणार आहे, आणि राग आला की मी मागचंपुढचं सांगायचं विसरतो.

राग आजचाच आहे असं नाही. पण परवा तो पुन्हा उकरला गेला. नात अभ्यास करत होती. तिच्या पुस्तकात एक चित्र. दोन समांतर रेघा म्हणजे नदी, मधात पानासारखी एक नाव, आणि तीन बाण. एक बाण नावेचा, एक पाण्याचा, आणि दोन्ही मिळून नाव खरी कुठे जाते त्याचा तिसरा. तिन्ही जोडले की झाला त्रिकोण. खाली लिहिलेलं, तर नाव कुठे पोचेल? मी चष्मा लावून चित्र नीट पाह्यलं. नावेत माणूस नव्हता. ना मागच्या वल्ह्यावर, ना नाकावर. मी म्हटलं, "बाई, ही नाव आपल्याआप कोठी चालली?" ती म्हणाली, "आबा, फिजिक्समध्ये माणूस नसतो." मी पुस्तक ठेवून अंगणात गेलो. त्या त्रिकोणापायी माझ्या बापानं सात दिवस भिंतीकडे तोंड करून काढले, आणि हे म्हणतात माणूस नसतो!

तर घाटाचं सांगतो.

आमचा घाट आणि पलीकडचा घाट समोरासमोर. पण समोर जायचं म्हणून नावेचं नाक समोर धरलं तर नाव समोर जात नाही, नदी तिला खाली नेते. हे आमच्या घरात कोणी शिकवत नव्हतं, जसं चुलीनं हात भाजतो हे शिकवत नाहीत. पलीकडच्या काठावर, घाटापासून वरच्या अंगाला, तीन झाडं होती. पहिलं बाभळीचं, मग कडुनिंबाचं, मग उंबराचं. घाटापासून बाभूळ जितकी लांब, तितकाच बाभळीपासून कडुनिंब, तितकाच पुढे उंबर. कोणी लावली नव्हती, तशीच उगवली होती. पाणी हळू असलं की निघताना नाक बाभळीवर धरायचं. जोर असला तर कडुनिंबावर. जास्तच असलं तर उंबरावर. झाड फक्त निघतानाचं. एकदा नाव तेवढी तिरपी धरली की तो तिरपेपणा पार जाईपर्यंत सोडायचा नाही. मग नदी जितकं खाली ओढते तितकीच नाव वर चढते, आणि लागते बरोबर समोरच्या पायरीला. बघणाऱ्याला वाटावं की नाव खेकड्यासारखी आडवी चालली.

म्हणून आमच्याकडे पाणी फुटात मोजत नव्हते. काठावरून एक काडी फेकायची, ती किती झपाट्यानं जाते ते पाहायचं आणि सांगायचं, आज बाभळीचं पाणी. आज कडुनिंबाचं. गावातल्या बायाही धुणं घेऊन येताना विचारायच्या, "काहो, कायचं पाणी हाये आज?" उंबराच्याही वर नाक धरावं लागेल असं दिसलं की डोंगा, म्हणजे आमची लहान हलकी नाव, खुंटीला. मग तहसीलदार येवो का नवरदेव येवो.

आणि वेळ? वेळ बिडीवर. बापाच्या डोंग्यात बसणारा माणूस इकडे बिडी पेटवायचा आणि पलीकडे उतरताना थोटूक पाण्यात टाकायचा. एका बिडीची नदी, असंच म्हणत.

त्या वर्षी घाटाचा ठेका पांढरकवड्याकडच्या एका माणसाला मिळाला. त्याच्या दोन ट्रका होत्या हैदराबादच्या रस्त्यावर. नदी त्यानं पुलावरूनच पाहिली असावी. त्यानं आमचा डोंगा काठावर पालथा घातला आणि सागाच्या फळ्यांची एक मोठी नाव आणली. नाव कसली, तरंगता गोठा. चाळीस माणसं, सायकली, शेळ्या, सरकीची पोती, सगळं मावायचं. मधात वल्ही मारायला दोन गडी, मागच्या वल्ह्यावर माझा बाप, कारण दिशा त्या वल्ह्यानं राहते. आणि माणसं उभी राहिली की मागच्याला पलीकडचा काठ दिसत नव्हता, म्हणून नाकावर मी. काडी मी फेकायची, पाणी मी ओळखायचं, झाड मी ओरडून सांगायचं. बापानं ऐकायचं. तोवर आयुष्यभर मी बापाचं ऐकलं होतं. खोटं काहून बोलू, मला ते काम भारी आवडलं.

भादवा संपत आला होता. पलीकडच्या गावचा बाजार शुक्रवारचा. त्या शुक्रवारी नाव शिगोशीग भरली. शेवटी एक शिंपी आला, डोक्यावर शिवणाची मशीन घेऊन. आमच्याच गावचा, नदीकडच्या वस्तीतला. त्यांच्या वस्तीनं दोन वर्षांआधी, छप्पन साली, धम्म घेतला होता. तेव्हा पांढरे कपडे घालून ती माणसं आमच्याच डोंग्यातून नागपूरच्या वाटेला लागली होती. आल्यावर त्यांनी गावकीची कामं सोडली, म्हणून गावातले मोठे लोक त्यांच्यावर दात खाऊन होते. हा शिंपी हिंगणघाटला काम शिकून आला, मशीन घेतली, पण गावातले लोक त्याच्याकडे कपडा टाकेनात. म्हणून तो पलीकडच्या बाजारात दुकान मांडायला निघाला होता. मशीन मधात ठेवायला जागा नव्हती. तो बापाच्या पायाशी, मागच्या टोकाला, मशीनला मिठी मारून बसला.

मी काडी फेकली. कडुनिंबाचं पाणी. स्वच्छ कडुनिंबाचं. मी ओरडलो, कडुनिंब! आणखीही ओरडलो काही. ते त्याच्या जागी लिहीन.

अर्ध्यातच मला समजलं की घाट वर सरकत चालला. म्हणजे आम्ही खाली चाललो होतो. पलीकडे घाटाच्या खाली एक काळा खडक आहे, पाण्यात अर्धा बुडालेला. नाव आडवी त्याच्यावर बसली. फळी तडकली, एका अंगाला कलंडली, आणि अख्खा बाजार छातीएवढ्या पाण्यात. मेलं कोणी नाही. दोन शेळ्या गेल्या, एका म्हातारीची पाटली गेली, आणि शिंप्याची मशीन गेली. तो ओरडला नाही. ज्या जागी ती बुडाली त्या जागेकडे बोट करून उभाच राहिला, जसं बोट हटलं तर जागा हरवेल.

परत आल्यावर ठेकेदारानं लोकांच्या समोर बापाच्या हातून वल्हं काढून घेतलं.

"बुढ्ढा आंधळा झाला," तो म्हणाला. "डोळे गेले की आमच्यात ड्रायव्हरचं लायसन काढून घेतात."

मी त्याच्या अंगावर धावलो. दोघांनी धरलं. लोक म्हणाले, "अरे, म्हातारं झालं माणूस, होते चूक." म्हणजे चूक त्याचीच, हे साऱ्यांनी धरूनच टाकलं. बापानं धोतर पिळलं आणि घरी चालला. ज्या माणसानं चाळीस वर्षांत कोणाचा रुमाल ओला होऊ दिला नाही, तो भर दुपारी घाट सोडून चालला आणि कोणी त्याला 'थांब' म्हटलं नाही. हे मी विसरलो नाही आणि विसरणार नाही. त्यातले निम्मे लोक आता मेले. मेले तरी माझा त्यांच्यावरचा राग मेला नाही.

ठेकेदार नुसतं बोलून थांबला नाही. त्यानं ठरवलं की तहसिलीत कागद द्यायचा. घाटाचा भोई आंधळा, त्याच्यापायी नाव फुटली, तरी त्याच्या घराण्याचा घाटावरचा हक्क काढून टाकावा, मी माझी माणसं आणतो. कागदावर साक्ष पाहिजे होती ती शिंप्याची, कारण तो बापाच्या पायाशी बसला होता आणि नुकसानही सर्वांत जास्त त्याचं. गुरुवारी संध्याकाळी कागद लिहायचा, शुक्रवारी दुरुस्त केलेली नाव पुन्हा सुटायची, बापाविना.

सात दिवस बाप घरात भिंतीकडे तोंड करून जाळं विणत बसला. माय भाकर पुढे ठेवायची, तो अर्धी खायचा. मी म्हणायचो, "बा, काहीतरी बोल ना." तो म्हणायचा, "सूत दे."

मी रोज त्या खडकाशी बुड्या मारत होतो. कायले? मला वाटे, मशीन काढून दिली की शिंप्याचं तोंड बंद होईल. चौथ्या दिवशी ती खडकाच्या खालच्या खबदाडात पायाला लागली. वर काढताना माझी पाठ सोलून निघाली. गुरुवारी दुपारी मी ती खांद्यावर घेऊन त्यांच्या वस्तीत गेलो. तोवर कामाशिवाय मी त्या वस्तीत पाय ठेवला नव्हता. मनात घमेंड होती की मी त्याच्यावर उपकार करतो आहे. हेही लिहितो. लाज वाटते, पण लिहितो.

त्यानं मशीन पाहिली, चाक फिरवून पाहिलं. आतून वाळू खरखरली.

"पट्टा कोठी हाये?" तो म्हणाला.

"पट्टा? अबे, जीव धोक्यात घालून मशीन आणली, आन तू पट्टा मागतो?"

"चामड्याचा होता. नवा."

मी फणकारलो. "हे पाय मास्तर, मशीन भेटली. आता त्या ठेकेदाराच्या कागदावर तू अंगठा देऊ नको."

"अंगठा नाही देणार," तो म्हणाला. मला बरं वाटलं. मग त्यानं मान वर केली. "सही करतो मी. सातवी झालो. आन सही मी कोणाच्या सांगण्यानं नाही करत, ना त्याच्या, ना तुह्या. जे झालं तेच लिहीन. मले माह्या मशिनीचा जबाब पाहिजे. ते बुडली कायनं?"

"पाणी कडुनिंबाचं होतं. नाक कडुनिंबावर होतं. चूक कायची?" मी म्हटलं. "बाप आंधळा नाही."

"आंधळा नाही. मले ठाऊक हाये," तो म्हणाला. "मंग नाव खाली काहून गेली?"

त्या सात दिवसांतला माझा खरा राग हाच होता. आज्यापासून चालत आलेलं गणित त्या दिवशी चुकलं होतं, आणि कसं चुकलं ते मला समजत नव्हतं. पाणी तेच, झाड तेच. मग बाप चुकला असेल का? हे मनात आलं की मी दुसऱ्या कोणाला तरी शिव्या द्यायचो.

मग शिंप्यानं कापायच्या फळीवर मांजरपाटाचा एक लांब तुकडा अंथरला आणि हातात खडू घेतला.

"इकडं ये," तो म्हणाला. "कपडा म्हंजे नदी. फळी म्हंजे जमीन, दोन्ही काठ. फळीच्या ह्या कडेला तुमचा घाट, त्या कडेला समोर पलीकडचा." त्यानं फळीवरच दोन खुणा केल्या आणि गुण्या लावून पाहिलं, समोरासमोर आहेत ना. "खडू म्हंजे नाव. मी खडू ह्या खुणेवरून त्या खुणेवर सरळ नेतो. तू कपडा ओढ, हळूहळू, एकसारखा. थांबू नको."

मी कपडा ओढला. त्याचा हात सरळ गेला, एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर, गुण्याच्या कडेकडेनं. पण कपड्यावर रेघ उमटली ती तिरपी. मी ओढत होतो त्याच्या उलट्या अंगाला झुकलेली.

मी पाहतच राहिलो. ही तर आमच्या नावेची तिरपी. हात जमिनीवर सरळ गेला, पण पाण्यावर तिरपा गेला. कपड्यावर जी रेघ, तेच नावेचं नाक.

"आता पुन्हा," तो म्हणाला. "कपडा तितकाच ओढ, तसाच. मी हात हळू नेतो."

मी ओढला. त्यानं हात हळू नेला. रेघ पहिलीपेक्षा जास्त तिरपी आली. कितीतरी जास्त.

"काहून?" त्यानं विचारलं, जसं काही मी पोरगा आहे त्याच्या शाळेतला. मला त्याचाही राग आला. पण तोंडातून निघून गेलं, "तू वेळ लावला. तितक्या वेळात कपडा जास्त सरकला."

"तुमच्या डोंग्याले किती वेळ लागे?"

"एक बिडी."

"आन ह्या गोठ्याले?"

दीड बिडी. सगळे म्हणत होते, हसत होते त्याच्यावर. नाव मोठी झाली म्हणून लोक आता दुसरी बिडी पेटवतात. मी स्वतः ते हजारदा ऐकलं होतं.

शिंप्यानं फीत घेतली. फळीवर पलीकडच्या घाटापासून वर तीन खुणा केल्या, सारख्या अंतरावर. "ही बाभूळ, हा कडुनिंब, हा उंबर. एक बिडीत नदी तुमच्या डोंग्याले कडुनिंबाइतकं खाली नेते, म्हणून तुमी कडुनिंबाइतकं वर धरता. दोन झाडं. दीड बिडीत किती नेईन?"

"तीन झाडं," मी म्हटलं. "उंबर."

"मंग?"

"कडुनिंबाचं पाणी," मी हळूच म्हटलं, "त्या नावेले उंबराचं पाणी हाये."

"आन तुमी कडुनिंबावर गेले. कमी पडलं किती? एक झाड." त्यानं फीत खाली, घाटाच्या दुसऱ्या अंगाला ठेवली आणि एका झाडाइतक्या अंतरावर बोट टेकलं. "घाटापासून तो काळा खडक किती लांब हाये?"

त्या खडकाशी मी चार दिवस बुड्या मारल्या होत्या. कडुनिंबापासून उंबर जितका, घाटापासून खडक तितकाच. पन्नास हात. एक हात इकडे ना तिकडे. आमचं तीन पिढ्यांचं गणित बरोबर होतं, पण ते डोंग्याचं होतं, नावेचं नव्हतं. झाडं आम्ही पाण्याची समजत होतो. ती पाण्याची एकट्याची नव्हती, पाणी आणि डोंगा दोघांची होती. डोंगा कधी बदललाच नव्हता म्हणून कोणाला कळलं नाही. ही चूक दुसरा कोणी करूच शकला नसता. नदी न ओळखणारा माणूस झाडांवर इतका विश्वास ठेवलाच नसता.

मी आनंदानं ओरडलोच. "म्हंजे बा चुकला नाही! नाव चुकली! लिही मास्तर, कागदावर लिही, ठेकेदाराची नाव जड हाये, त्याच्यापायी—"

"थांब," शिंपी म्हणाला. त्यानं खडू खाली ठेवला. "मी तुह्या बापाच्या पायाशी बसलो होतो. त्यानं वल्हं दाबून नाक वर घेतलं होतं. पहिलेच. कडुनिंबाच्या वर, पार उंबराकडे. माह्या डोयानं पाह्यलं. त्याले हातात समजलं होतं नाव जड हाये म्हणून. त्याले कपडा नाही लागला, ना फीत. मंग कोणी ओरडलं?"

आता ती जागा आली. लिहितो.

मी ओरडलो होतो. नाक वर जाताना पाहून मी नाकावरून साऱ्या बाजारासमोर ओरडलो, "बा, उंबरावर कोठी चालला? कडुनिंबाचं पाणी हाये! डोये गेले काय तुह्ये?" चाळीस माणसं हसली. कोणीतरी म्हटलं, "पोरगं हुशार निघालं बाप्पा, बापाले वाट दाखवते." आणि मला ते गोड लागलं. बापानं वल्हं ढिलं सोडलं, नाक कडुनिंबावर आलं. अर्ध्यात त्यानं पुन्हा वर घेऊन पाह्यलं, मी पुन्हा ओरडलो. 'आंधळा' हा शब्द ठेकेदारानं शोधला नव्हता. तो मीच त्याच्या हातात दिला होता.

शिंपी म्हणाला, "साक्ष देतो मी. पण जे झालं ते सगळंच लिहीन. नाव जड, हेही लिहीन. कोणी ओरडलं, हेही. तू म्हणशील त आता लिहितो, नाही त तू स्वतः सांगून घे. उद्या सकाळलोक थांबतो."

"ठेकेदार आज संध्याकाळी येईन."

"येऊ दे. शाई सुकली म्हणन."

तो मांजरपाट मी मागून घेतला. त्यानं घडी करून दिला, आणि म्हणाला, "धुवू नको. आन पट्टा दिसला त आणून देजो."

घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. बाप तसाच भिंतीशी जाळं विणत बसला होता. मी त्याच्यासमोर कपडा पसरला, दोन्ही रेघा दाखवल्या, भराभर सांगितलं. दीड बिडी, तीन झाडं, खडक. त्यानं पहिल्यांदा हातातलं सूत खाली ठेवलं आणि त्या जास्त तिरप्या रेघेवरून बोट फिरवलं.

"हे बराबर हाये," तो म्हणाला. "इतकंच धरलं होतं मी."

"तुले ठाऊक होतं?"

"वल्हं सांगते ना. बाभळीच्या पाण्यात थोडंच वर घ्या लागे, तुले दिसलं नाही."

"मंग बोलला काहून नाही?" माझा आवाज चढला. "सात दिवस झाले! ठेकेदार तुले आंधळा म्हणून राह्यला, गाव म्हणून राह्यलं, माय रडून राह्यली, आन तू सूत दे म्हणतो! सांगायचं होतं ना, पोट्ट्यानं ओरडून नाव खाली आणली म्हणून!"

बापानं माझ्याकडे असं पाह्यलं जसं मी अजूनही पहिलीत दुसऱ्यांदा बसलो आहे.

"बुढा आंधळा झाला म्हटलं त लोक म्हणतात, वय झालं," तो म्हणाला. "जवान पोरगा भलतंच झाड सांगते म्हटलं, त उद्या तुह्या नावेत कोण बसन? मी कितीक दिवसाचा? तुले हा घाट चालवायचा हाये."

मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडलो. मला राग आला, आजपर्यंत कोणावर आला नसेल इतका. बापावर आला. त्यानं मला न विचारता माझी चूक उचलून आपल्या डोळ्यावर ठेवली, आणि मला आयुष्यभर त्या उधारीत टाकून मोकळा झाला. मी म्हटलं, "तुले कोणी सांगितलं होतं?" तो म्हणाला, "ओरडू नको. ओरडूनच झालं सगळं." आणि सूत उचललं.

लोक मला म्हणतात, आबा, तुम्ही हट्टी. हो, आहे हट्टी. पण माझ्या बापाच्या हट्टापुढे माझा हट्ट म्हणजे काडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शुक्रवारी, मी उठलो आणि पडवीच्या आड्याला लटकवलेलं डोंग्याचं जुनं वल्हं काढलं. खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हातानं बापाचा हात धरला. तो म्हणाला, सोड. मी सोडला नाही. असे आम्ही घाटावर गेलो. नाव भरत होती. ठेकेदार काठावर उभा होता, शिंपीही होता, मशीन गोणपाटात बांधलेली. मी नाकावर चढलो, मांजरपाट दोन्ही हातांत ताणून धरला आणि सांगितलं. नाव जड आहे, डोंग्याचं कडुनिंब म्हणजे हिचं उंबर, माझ्या बापानं बरोबर धरलं होतं, मी ओरडून खाली आणलं, शेळ्या मी बुडवल्या, पाटली मी बुडवली, मशीन मी बुडवली. रेघा अर्ध्या लोकांना समजल्या नसतील. बाकीचं समजलं. म्हातारी, जिची पाटली गेली होती, तिनं मला जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही. ती शिवी बरोबर होती.

ठेकेदार हसला. "म्हणजे तूच बुडवली. मग तूच उतर खाली. तुले कायले ठेवू नाकावर?"

"खडकं सांगाले," मी म्हटलं. "झाड नाही सांगणार."

शिंप्यानं कोणाची वाट पाह्यली नाही. मशीन उचलली, नावेत चढला, आणि मागच्या टोकाला जाऊन तिथेच बसला, जिथे आधी बसला होता. मागच्या वल्ह्यापाशी जागा सोडून. मग ती म्हातारी चढली, मला ढकलून. मग बाकीचे. ठेकेदार भरलेल्या नावेकडे पाहत राहिला आणि बाजूला झाला.

बापानं जुनं वल्हं माझ्या हातातून घेतलं. लोकांना म्हणाला, "बसून घ्या सारे, मले काठ दिसू द्या." चाळीस माणसं खाली बसली. हे आधी कोणाला सुचलं नव्हतं. मी बांबू रेटून नाव काठापासून लोटली, आणि तिन्ही झाडांकडे पाठ करून, बापाकडे तोंड करून बसलो.